अनुभव धागा: कापड, कात्री आणि आपण

सुईदोरा
काल माळा आवरायला घेतला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आणि माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) चौकट सापडेना. चौकट राहिली बाजूला, कॉलेजची जुनी पिशवी हाताला लागली. आत माझं दुसऱ्या वर्षाचं जॅकेट. पाठीवर बुरशीचे काळे ठिपके आणि कॉलरला अजून तो टॅग: 'जुन्यातून नवे'.

मी फॅशन डिझाइन शिकते, यंदा शेवटचं वर्ष. तेव्हाचा प्रोजेक्ट होता जुन्या कपड्यातून नवा कपडा करायचा. वर्गातले सगळे जीन्स कापणार हे ठरलेलंच, मला काहीतरी 'गोव्याचं' हवं होतं. आमच्या शेतात लावणीला येणारी एक कुणबी मावशी आहे. तिच्याकडे तिच्या आईचं कापड होतं, तांबडं, पांढऱ्या चौकटींचं, खांद्यावर गाठ मारून गुडघ्यापर्यंत नेसायचं ते. मी मागितलं. "न्हेस गो बाय" म्हणून तिने घडीसकट दिलं.

मी नेसले नाही. कापलं.

ज्युरीपुढे काय काय बोलले! शाश्वत, हातमाग, मुळांशी नातं. ग्रेड उत्तम मिळाली. मावशीला मोबाईलवर फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून पाहिला, परत लहान केला आणि एवढंच विचारलं, "उरिल्लें खंय आसा?"

उरलेलं माझ्या कपाटात चोळामोळा होऊन पडलं होतं. जॅकेटला गोल मुंढे, वळणाची कॉलर, प्रत्येक वळणाशेजारी एक चिंधी. साडी कापावीच लागत नाही म्हणून तिच्यात काही वाया जात नाही, ही साधी गोष्ट तीन सेमिस्टर शिकून माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि मी मावशीला विचारलं होतं खरं, पण कापू का असं कुठे विचारलं होतं? हल्ली कुणी 'एथिकल फॅशन' म्हटलं की मला ते दोन बोटांनी मोठं केलेलं चित्र दिसतं.

तुमचेही सांगा. कापलेले, उसने आणलेले, लाज वाटलेले, हट्टाने घातलेले. उपदेश नको, अनुभव द्या.

म्हापशेचो शुक्रवार
मावशीलाच ज्युरीत बसवायला हवं होतं.

फोंडा टेलर
आमचं फोंड्याला दुकान आहे, बाबा सांगताहेत आणि मी टाइप करतोय. ते म्हणतात, ब्लाउजला मी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया (शिलाईच्या आत जादा कापड) सोडतो. बाईचं अंग बदलतं, बाळंतपण येतं, ब्लाउज उसवून सैल करता आला पाहिजे. एका गिऱ्हाइकाचा लग्नातला ब्लाउज मी चारदा सैल केला आणि तिच्या सुनेसाठी एकदा घट्ट. आता मुली रेडीमेड कुर्ते अल्टरला आणतात. उलटून बघावं तर मायाच नाही, ओव्हरलॉकच्या दोऱ्याला चिकटून शिलाई. सैल करू कशातून? तिकडे लाखभर नगांत बोटबोट कापड वाचलं, इकडे कपडा वर्षात बाद.
गिऱ्हाईक आलं, बाबा उठले.

अबोली
'माया नाहीच' हे वाचून कढईतली मिरची करपली माझी. नंतर लिहिते.

डिचोलीकर
आमच्याकडे स्टाईल वगैरे खाणीने ठरवली. रस्त्याकडेची शाळा, दिवसभर ट्रक, सगळीकडे तांबडी धूळ. पीटीचा पांढरा युनिफॉर्म जूनमध्ये पांढरा, दिवाळीपर्यंत गुलाबी. आई नीळ घालून घालून थकली, गुलाबीवर निळा चढून एक वेगळाच जांभळट प्रकार व्हायचा. मुंबईची चुलतबहीण आली तर म्हणते, ही शेड कुठे मिळते रे? त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. 2012 ला खाणी बंद झाल्या. युनिफॉर्म पांढरे राहायला लागले, बाबांचा पगार थांबला. त्या वर्षी दोघा भावांत मिळून एकच नवा शर्ट आला, मोठ्याच्या मापाचा.

म्हापशेचो शुक्रवार
@डिचोलीकर ती शेड आता 'मॉव्ह' नावाने चार हजाराला विकतात.

डिचोलीकर
धुळीचे पैसे वेगळे लावत असतील.

सांतइस्तेवकार
जरा वेगळं. आमच्या गावचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका, जन्म 1902. त्यांनी मेरीला साडी नेसवली, बाळ येशूला आपल्याकडच्या पोरासारखं रंगवलं. गोव्यात लोकांना ते खपलं नाही, पुढचं आयुष्य पुण्यात गेलं. शाळेतल्या बाईंनी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं होतं, तेव्हापासून कपड्याचं चित्र आणि चित्रातला कपडा या दोन्हींकडे बघायची सवयच लागली. ज्या गोव्यात 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने बाटलेल्यांच्या धोतर-चोळीवर बंदी घातली, तिथे दोनशे वर्षांनी एका ख्रिस्ती माणसाने मेरीला साडी द्यावी आणि लोकांनी तोंड फिरवावं. कपडा कुणाचा हा प्रश्न आपल्याकडे मावशीच्या आधीपासून आहे.
माझा स्वतःचा अनुभव काहीच नाही, मी आयुष्यभर टेरिकॉट.

अबोली
आले. माझं माहेर कोल्हापूरचं, सासर मडगाव. आमच्याकडे दुपारी बोहारीण यायची. जुन्या साड्या द्या, स्टीलचं पातेलं घ्या. आई एकेक साडी काढायची आणि तास-तास घासाघीस. बोहारीण कापड उजेडाकडे धरून बघायची, कुठे विरलंय ते. एकदा आईने भांडून एक डबा जास्त घेतला आणि ती गेल्यावर म्हणाली, तिनेच फसवलं मला. तो डबा अजून आहे, त्यात मी सुकी सुंगटं (कोळंबी) ठेवते. गोव्यात आल्यावर जुन्या साड्यांचं काय करायचं हा मोठा प्रश्न पडला. हल्ली संस्थांना देतो आपण पोतं बांधून, पण उजेडाकडे धरून कोण बघतं?

निटवेअर
तिरुपूरला एका बाइंग ऑफिसात, म्हणजे ब्रँडसाठी कारखान्यांकडून कपडे करून घेणाऱ्या ऑफिसात, सहा वर्षं होते, आता पर्वरीला घरी, दोन पोरं. माझं काम एकच, कारखान्याला रोज मेल: माल कधी निघतो. उशीर झाला की दंड, दंडही आम्हीच ठरवायचो.
24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, शिलाईवाल्यांना मात्र कामावर या म्हणून सांगितलं. हे वाचल्यावर मी माझे त्या आठवड्याचे मेल काढून बघितले. भाषा तीच होती. 'काहीही करा, शुक्रवारी निघालाच पाहिजे.' आमच्याकडे इमारत उभी होती, एवढाच फरक.
नोकरी त्यानंतरही दोन वर्षं केली. खोटं कशाला सांगू, घराचा हप्ता होता.

सुईदोरा
@निटवेअर हे लिहिलंत. थँक यू ताई.

उंडीर
एका टीशर्टला 2,700 लिटर पाणी लागतं हे आता प्रत्येक पोस्टरवर असतं. पण ते पाणी पावसाचं की धरणाचं की बोअरचं, हे कुठलं पोस्टर सांगत नाही. विदर्भात कापूस बहुतेक पावसावर, दुसरीकडे सिंचनावर. आकडा एक, कथा वेगळी. शिवाय मला आमच्या होणाऱ्या फॅशन डिझायनरांना विचारायचंय, ते जॅकेट घालून तुम्ही एकदा तरी बाहेर गेलात का?

सुईदोरा
एकदा. पणजीला, डिसेंबरातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाला. घामाने जीव गेला. अस्तर पॉलिएस्टरचं लावलं होतं.

म्हापशेचो शुक्रवार
😂 शाश्वत घाम

पेडणेकरीण
कुणबी साडी गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी रॅम्पवर नेली, त्या माणसाबद्दल आदर आहेच, कोलवाळच्या घरात त्यांनी जन्मभर गोव्याचे कपडे जमवले. पण आता हातमागावरची घ्यायला गेलं तर हजारांत. चिखलात उभं राहून जी बाई ती नेसायची तिला सिंथेटिक साडीच परवडते, तीही वर पुरुषी शर्ट घालून. माझी सासू तशीच लावणीला जाते, साडी खोचलेली, वर माझ्या दिराचा चौकड्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. मला विचाराल तर गोव्यातली सगळ्यात धडाकेबाज स्टाईल ती आहे. फोटो काढू देत नाही.

गृहिणी मडगाव
धागा सोडून विचारते, रागावू नका. सुती साड्यांना कसर लागली आहे. डांबरगोळ्यांचा वास नातवाला सहन होत नाही. काय करू?

अबोली
खळ घालून ठेवल्यात का? पेजेची खळ असली तर कसर येणारच. पावसाळ्याआधी खळ धुऊन काढा, बिनखळीच्या ठेवा, ऊन पडलं की घड्या मोडा. कडुलिंबाचा पाला वाळवून सुती पिशवीतून.

गृहिणी मडगाव
खळच घातली होती गे. देव बरें करूं.

फोंडा टेलर
बाबा विचारतात त्या जॅकेटचं अस्तर कुठल्या टेलरने लावलं. कुणबी कापडाला पॉलिएस्टर लावणाऱ्याचं नाव सांगा म्हणतात.

सुईदोरा
मीच लावलं हो काका 🙈

आणि ते उरलेलं. त्याच आठवड्यात मावशीला नेऊन दिलं होतं, इस्त्री करून, सगळे तुकडे, लहानांतले लहानही. तिने लांब पट्ट्या वेगळ्या काढल्या, पिळल्या, एकमेकीत गुंतवल्या आणि बोलता बोलता चुंबळ करून डोक्यावर ठेवून बघितली. परवा तिच्या घरी गेले तर ती चुंबळ खुंटीला होती, पाण्याच्या कळशीने मध्ये दबलेली, कडेला चौकड्या अजून तांबड्या. जॅकेट उसवायला घेऊ का विचारलं तर म्हणाली आधी चवथ होऊं दी.

फोंडा टेलर
उसवायला ब्लेड नको, सुईने उसवा. जुनं सूत आहे. जमलं नाही तर चवथीनंतर घेऊन या, सोमवारी दुकान बंद.

पेडणेकरीण
माटोळीची चौकट मिळाली का शेवटी?

सुईदोरा
नाही. शेजाऱ्यांकडे निघाली, गेल्या वर्षी आम्हीच दिली होती म्हणे.