'क्राईम बिल', 'पॅरोल', 'मॅन्डेटरी मिनिमम': मराठीत काय लिहायचं?

कोशवाली, नागपूर

मंडळी, अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे राज्यांच्या नव्हे तर देशाच्या सरकारच्या, गुन्हेगारी कायद्यांवरचा एक मोठा लेख गेले पंधरा दिवस एका मासिकासाठी मराठीत आणते आहे. विषय कळतो आहे, शब्द अडवताहेत. पहिली अडचण तर नावापासूनच सुरू होते.

तिकडे काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेत, विधेयक मांडतात तेव्हाच त्याचं नाव 'अमुक ॲक्ट' असं ठेवतात. मे 2020 मध्ये मिनीॲपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉईड यांचा जीव गेला. त्यानंतर 'जॉर्ज फ्लॉईड जस्टिस इन पोलिसिंग ॲक्ट' आला. प्रतिनिधिगृहाने तो 2020 मध्ये मंजूर केला, 2021 मध्ये पुन्हा केला, पण सिनेटमधून तो पुढे सरकलाच नाही. नावात ॲक्ट असूनही तो कायदा कधीच झाला नाही. आता 1994 चं बघा. पोलीस भरती, तुरुंगबांधणी, 'थ्री स्ट्राइक्स' (तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला जन्मभर तुरुंग), स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या तरतुदी, काही प्रकारच्या बंदुकांवर दहा वर्षांची बंदी, असं सगळं पोटात घेतलेल्या त्या कागदावर तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 13 सप्टेंबर 1994 ला सही केली. तेव्हापासून तो कायदा आहे. तरी तिकडची माणसं आजही त्याला 'क्राईम बिल'च म्हणतात.

म्हणजे जो कायदा झाला नाही तो 'ॲक्ट' आणि जो झाला तो 'बिल'. नावावरून भाषांतर केलं तर दोन्हीकडे वाचकाला खोटं सांगितल्यासारखं होतं. आणि हे होतंय. फ्लॉईड यांच्या नावाचा 'कायदा' प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, अशी वाक्यं मी मराठीत वाचली आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, झालं, कायदा आला.

दुसरा शब्द पॅरोल. माझ्या वडिलांनी तीस वर्षं तुरुंग खात्यात काढली. कच्चा खर्डा पहिल्यांदा त्यांनाच वाचायला देते. 'सात वर्षांनी तो पॅरोलवर सुटला आणि मुलीच्या घरी राहू लागला' या वाक्यावर त्यांनी चष्मा काढला. "मग परत कधी हजर झाला?" म्हटलं, परत जायचंच नव्हतं बाबा. तर म्हणाले, "मग हा पॅरोल नव्हे. फरार म्हण."

तुम्ही काय लिहाल?

शिरस्तेदार, सातारा

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या तुरुंगात दोन रजा असतात: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. जुने 1959 चे नियम मुंबई राज्याच्या काळातले, पुढे त्यांत बदल होत गेले. 'संचित' नावातच सगळं सांगतो: चांगल्या वागणुकीने साठवलेली, हक्काच्या जवळ जाणारी रजा. अभिवचन रजा कारणापुरती. घरात कुणी गेलं, कुणाचं लग्न आहे, कुणी गंभीर आजारी आहे. दोन्ही रजाच. मुदत संपली की फाटकाशी उभं राहायचं, नाही राहिलं तर नवा गुन्हा.

'अभिवचन' हा शब्द ज्याने घडवला त्याला मी मनापासून दाद देतो. पॅरोल मुळात फ्रेंच, अर्थ 'दिलेला शब्द'. युद्धकैदी 'पुन्हा शस्त्र उचलणार नाही' असा शब्द देऊन सुटायचा, तिथून तो आला. अभिवचन म्हणजे तेच. पण शब्द नेमका असला तरी तिकडची व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे 'परत येईन' हा शब्द द्यायचा असतो, अमेरिकेत 'नीट वागेन' हा. तेव्हा तुमच्या वाक्यात 'अभिवचन रजा' तर चालणारच नाही, आणि नुसतं 'पॅरोल' लिहिलंत तर मराठी वाचक रजाच समजणार, कारण आपल्या वर्तमानपत्रांनी तोच अर्थ रुजवला आहे. 'मुदतीआधी सशर्त सुटका' असं सरळ लिहा.

विधेयकाबद्दल. मंजुरीआधी विधेयक, मंजुरीनंतर अधिनियम, आणि कायदा हा त्या सगळ्यांहून मोठा शब्द. 'कायद्याने गुन्हा आहे' म्हणतो तेव्हा एकच अधिनियम मनात नसतो. माहितीच्या अधिकाराचं विधेयक 2004 चं आणि अधिनियम 2005 चा. कागदावर शब्दच बदलतो, त्यामुळे आपला वाचक त्या शब्दावर विसंबतो. तुम्ही '1994 चा गुन्हेगारी नियंत्रण कायदा' लिहा आणि एकदाच सांगा की बोलताना त्याला तिकडे क्राईम बिल म्हणतात. फ्लॉईड यांच्या बाबतीत 'विधेयक'च. मूळ नावात ॲक्ट असला तरी हरकत नाही, नाव अवतरणचिन्हांत ठेवा आणि पुढे 'हे विधेयक' म्हणा.

एडिसनकर, न्यू जर्सी

काका, एक भर घालतो. फेडरल गुन्ह्यांपुरता पॅरोल इथे मोडीतच निघाला आहे. 1984 च्या कायद्याने तो काढला आणि 1 नोव्हेंबर 1987 पासूनच्या गुन्ह्यांना तो लागू नाही. अनेक राज्यांत अजून आहे. फेडरल कैदी शिक्षा पुरी करून बाहेर येतो आणि मग काही वर्षं 'सुपरवाइज्ड रिलीज'वर असतो. ती शिक्षेतली सूट नाही, शिक्षेनंतरची देखरेख आहे. तेव्हा ताईंच्या लेखातला माणूस फेडरल कैदी असेल तर पॅरोल शब्द इथल्या हिशेबानेही चुकीचा आहे. तपासून घ्या.

मला जास्त खटकतो तो 'केंद्रीय'. फेडरल म्हटलं की आपण केंद्रीय लिहून मोकळे होतो. पण आपल्या मनातला 'केंद्राचा कायदा' म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांना लागू असलेला कायदा. खून सोलापुरात होवो की शिलाँगला, संहिता एकच. इथे तसं नाही. साधा खून, घरफोडी, मारामारी हे राज्याच्या कायद्याचं काम. फेडरल कायदा येतो तो राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या गुन्ह्यांत, अमली पदार्थांत, बंदुकांत, बँक दरोड्यात, फेडरल जमिनीवरच्या गुन्ह्यात. बहुतेक कैदी राज्यांच्या आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, तुरुंगांत असतात. 2018 च्या 'फर्स्ट स्टेप ॲक्ट'ने शिक्षा कमी केल्या, चांगल्या वागणुकीबद्दल वर्षाला 54 दिवसांपर्यंत सूट मोजायचं ठरलं, ते फक्त फेडरल कैद्यांसाठी. आमच्या मंडळातल्या एका आजींनी बातमी वाचून मला विचारलं होतं, "आता सगळ्यांनाच सोडणार का रे?" मराठी बातमीत लिहिलं होतं, 'अमेरिकेत कैद्यांच्या शिक्षेत कपात'. त्यांचं काय चुकलं?

'केंद्रीय कारागृह' तर नकोच. येरवड्याच्या पाटीवर 'मध्यवर्ती कारागृह' आहे आणि ते राज्य सरकारचं आहे. मी 'फेडरल' हाच शब्द ठेवतो. तो आता मराठीत पुरेसा रुळलाय.

जेल आणि प्रिझन यांतला फरकही लेखात असेलच. जेल काउंटीचं, खटल्याची वाट बघणारे आणि थोडक्या शिक्षेचे लोक तिथे. वर्षाहून मोठी शिक्षा लागली की प्रिझन.

कोशवाली, नागपूर

एडिसनकर, तपासलं. माणूस राज्याचा कैदी आहे, फेडरल नाही. म्हणजे पॅरोल खरा, पण लेखाच्या फेडरल भागात ते उदाहरण बसवणं लेखकाचीच चूक. संपादकांना कळवलं.

जेल-प्रिझनसाठी बाबांनी चटकन सांगितलं: "आपल्याकडे बराक वेगळी, कच्चे कैदी आणि पक्के कैदी. त्यांनी इमारतच वेगळी केली." मी 'कच्च्या कैद्यांचा तुरुंग' लिहिते आहे. न्यायाधीन बंदी हा सरकारी शब्द माहीत आहे, पण कच्चा-पक्का वाचताच कळतं.

पणजीची पोर

मध्येच एक छोटी गोष्ट. 'तुरुंग' आमच्या बाजूने आलेला शब्द. पोर्तुगीज 'त्रोंको' म्हणजे ओंडका, कैद्याचे पाय अडकवायचा खोडा. त्यावरून कैदखाना आणि त्यावरून तुरुंग. गुन्हा फारसीतून, कैद आणि जामीन अरबीतून. या प्रांतातले आपले रोजचे शब्द बघितले तर बहुतेक बाहेरून आलेले आणि तरी पूर्ण मराठी झालेले. म्हणून पॅरोल किंवा फेडरल ठेवायला अपराधी वाटून घेऊ नका. अट एकच असावी, की आत आलेल्या शब्दाला इथे काय अर्थ मिळाला आहे ते आधी बघावं.

कोशवाली, नागपूर

पटलं. आता ज्या शब्दाने माझे तीन दिवस घेतले तो सांगते: 'मॅन्डेटरी मिनिमम'.

मी पहिल्यांदा लिहिलं, 'सक्तीची किमान शिक्षा'. कोशाच्या दृष्टीने निर्दोष. मोठ्याने वाचलं तर कान 'सक्तमजुरी'कडे धावतो. 'पाच वर्षांची सक्तीची शिक्षा' म्हटल्यावर दहातले आठ जण खडी फोडणारा कैदी डोळ्यांसमोर आणतील. मुळातली सक्ती मात्र कैद्यावर नाही, ती न्यायाधीशावर आहे. समोरचा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, पहिलाच गुन्हा आहे, न्यायाधीशाला दया आली आहे, तरी पाचाखाली जाता येत नाही. फार थोड्या पळवाटा आहेत.

आणि आकडे बघा. 1986 च्या कायद्याने 5 ग्रॅम क्रॅक कोकेन बाळगून विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षं दिली, तीच भुकटीच्या कोकेनला 500 ग्रॅमवर. पदार्थ तोच, एक खड्याच्या रूपात, एक भुकटीच्या. क्रॅकसाठी पकडले जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. एकास शंभर हे प्रमाण 2010 मध्ये एकास अठरावर आणलं, आणि त्याआधी शिक्षा झालेल्यांना त्याचा फायदा मिळायला 2018 चा कायदा यावा लागला. हे सगळं ज्या एका शब्दावर उभं आहे त्या शब्दाने वाचकाला खडी फोडायला पाठवलं तर लेखच वाया गेला.

आता लिहिलंय: 'न्यायाधीशालाही कमी करता न येणारी किमान शिक्षा'. लांब आहे, मान्य. पहिल्यांदा पूर्ण आणि पुढे 'बांधील किमान शिक्षा' असं म्हणू का?

शिरस्तेदार, सातारा

'बांधील' चांगला आहे, फक्त कोण बांधील ते पहिल्या वाक्यात येऊ द्या.

'थ्री स्ट्राइक्स'ला जन्मठेप लिहिणार असाल तर तिथेही जपून. गंभीर हिंसक गुन्हा तिसऱ्यांदा सिद्ध झाला की जन्मभर आत, असं ते कलम. आपला वाचक जन्मठेप म्हटलं की चौदा वर्षं मोजतो. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सूट मिळण्याआधीची किमान अट आहे, शिक्षेची लांबी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा सांगितलं तरी गावात चौदाच चालतात. तिकडे फेडरलमध्ये पॅरोलच नाही, म्हणजे दयेचे अपवाद सोडले तर अखेरपर्यंत. 'मरेपर्यंत तुरुंगवास' लिहा.

रात्रपाळी, पिंपरी

उशिरा आले धाग्यावर. 'पब्लिक सेफ्टी'ला काय लिहिलंत ताई? 'जनसुरक्षा' असेल तर कृपया बदला. 2024 मध्ये मांडलेल्या आणि 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या त्याच नावाच्या विधेयकामुळे तो शब्द महाराष्ट्रात संघटना, बंदी, आंदोलनं यांच्याशी जोडला गेला आहे.

सुरक्षा आणि सुरक्षितता यांत मला फरक जाणवतो. सुरक्षा पुरवली जाते: मंत्र्याला सुरक्षा, सीमेची सुरक्षा. सुरक्षितता माणसाच्या बाजूने असते. मी रात्री पावणेबाराला कंपनीच्या बसमधून उतरते, तिथून घरापर्यंत सात मिनिटं चालते. वाटेत दोन दिवे बंद असतात. त्या सात मिनिटांत मला हवी असते ती सुरक्षितता. अमेरिकेत त्या शब्दात अग्निशमन आणि रुग्णवाहिकाही येतात म्हणतात, मग 'सार्वजनिक सुरक्षितता' जास्त जवळचं नाही का?

कोशवाली, नागपूर

'सार्वजनिक सुरक्षा' होतं. 'सुरक्षितता' केलं, तुमच्यामुळे. आणि त्या दोन दिव्यांची तक्रार महापालिकेकडे केली नसेल तर नक्की करा.

एक तरतूद राहिलीच होती. 1994 च्या कायद्याने कैद्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठी मिळणारं पेल अनुदान बंद केलं आणि ते पूर्णपणे परत सुरू व्हायला 2023 उजाडलं. त्या परिच्छेदात शिक्षा आणि शिक्षण हे दोन शब्द एकाच ओळीत आले. धातू एकच. मी ते मुद्दाम तसेच शेजारी ठेवले आहेत, संपादकांनी हलवू नयेत एवढी इच्छा.

पॅरोलचं वाक्य आता असं आहे: 'सात वर्षांनी, मुदतीआधी, अटींवर त्याची सुटका झाली. तो मुलीच्या घरी राहू लागला. परत तुरुंगात जायचं नव्हतं, अटी मोडल्या तरच.' आज सकाळी बाबांना दिलं. या वेळी चष्मा काढला नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "मग सहीला कुठे जायचं त्याला?"

म्हटलं, पॅरोल अधिकाऱ्याकडे.

"हां," म्हणाले, "मग तेही लिही."

लिहिलं.