'दो आँखें बारह हाथ' : ख्रिस्ती क्षमा की आपल्या मातीतली गोष्ट?

पेठेतला वाचक
कोल्हापुरातल्या नागाळा पार्कातल्या एका ताईंची पोस्ट सकाळपासून तिघांनी मला पाठवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा आपल्या मातीतला सगळ्यात ख्रिस्ती चित्रपट. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर ओसाड रानात नेतो आणि विश्वासावर शेती करायला लावून माणसात आणतो, ही त्याची गोष्ट. त्यातले सहा खुनी म्हणजे हरवलेली मेंढरं आणि जेलर म्हणजे त्यांच्यासाठी प्राण देणारा मेंढपाळ.

राहवलं नाही म्हणून लिहितोय. ताई, ही गोष्ट बेथलेहेमची नाही, आटपाडीची आहे. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या काळात स्वतंत्रपूरला खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला. गदिमांनी त्याची कथा केली. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, म्हणजे त्याच मुलखातला. प्रयोगामागे होते मॉरिस फ्रीडमन. पोलंडचे, जन्माने ज्यू, विचाराने गांधीवादी, पुढे मुंबईचे अद्वैती संत निसर्गदत्त महाराज यांची संभाषणं इंग्रजीत नेणारे. यात चर्च कुठून आलं? वाल्याचा वाल्मीकी आपल्याकडे झाला, बुद्धाच्या भेटीनं बदललेला दरोडेखोर अंगुलिमाल आपल्याकडे झाला. चांगलं काही दिसलं की त्यावर आपली पाटी ठोकायची, हे मला पटत नाही.

नागाळा पार्क
दादा, शांतारामबापू बायबल उशाशी घेऊन झोपायचे असं मी कुठं म्हटलंय? मला जे दिसलं ते लिहिलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र प्रभू येशूला, 'मी याला ओळखत नाही' म्हणून, तीनदा नाकारतो, कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून त्याच्याकडे नुसतं बघतो. बोलत काहीच नाही. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडतो. आता ते कैदी पळायला निघतात आणि जेलरचे डोळे त्यांची पाठ सोडत नाहीत, ते आठवा. मी लहानपणापासून वायल्डर चर्चमध्ये हा उतारा ऐकत आले. पण त्या नजरेचा अर्थ मला चित्रपट बघताना कळला.

आणि वाल्याचं म्हणाल, तर त्यानं आधी तप केलं आणि मग तो वाल्मीकी झाला. इथं आधी विश्वास टाकला आणि माणसं मागाहून बदलली. लायकी नसताना जे पदरात पडतं त्यालाच आम्ही कृपा म्हणतो. बर्लिनला १९५८ साली या चित्रपटाला सिल्व्हर बेअर मिळालं, तसा कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला. म्हणजे हे दिसणारी मी एकटी नाही.

पेठेतला वाचक
परीक्षकांनी पुरस्कार दिला म्हणून गोष्ट त्यांची होत नाही. पेत्राच्या नजरेचं मात्र मला माहीत नव्हतं, ते चपखल आहे, मान्य. तरी ती माणसं सुधारली ती ओसाड रानात घाम गाळून. कृपा झाली म्हणून भाजी उगवत नाही.

रुईकर
दोघं भांडताय, पण जेलरचं नाव काय ते कुणीच बघितलं नाही. आदिनाथ! आमचे पहिले तीर्थंकर. शांतारामांचे वडील जैन होते, हे कोल्हापुरात तरी सांगावं लागू नये. असि, मसि, कृषि म्हणजे तलवार, लेखणी, शेती ही जगण्याची साधनं आदिनाथांनी माणसाला शिकवली, असं आम्ही मानतो. मारेकऱ्यांच्या हातात नांगर देणारा जेलर आणि त्याचं नाव आदिनाथ, हा योगायोग म्हणायचा? आमच्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवसच उत्तम क्षमेचा. क्षमा म्हटली की दुसऱ्यांची नावं निघतात, आम्हाला कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

मळेकरी, मुडशिंगी
तुमचं येशू, आदिनाथ, वाल्मीकी सगळं बरोबर हाय. पर त्या जेलरच्या जिवावर उठलं कोण, ते एकानं तरी लिवलं का? भाजीचे व्यापारी! कैद्यांनी रास्त दरात भाजी इकली म्हणून त्यांचं पोट दुखलं. तो शेवटी बैलाशी झुंजून मेला. ते शूटिंग करताना बापूंच्या सवताच्या डोळ्याला इजा झाली. एवढं सोसून दाखवलं ते हे, आणि तुमची चर्चा धर्मावर.

२०१६ ला सरकारनं फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातनं काढली, अडत, म्हंजी दलाली, शेतकऱ्याकडनं घ्यायची न्हाई म्हणून सांगितलं. गेल्या साली मी कोबी घिऊन गेलो, तर एका अडत्यानं हमाली, तोलाई आणि कसली कसली कपात लावून हातात दिलं ते टेंपोच्या भाड्यालाबी पुरलं न्हाई. उरलेला कोबी म्हशीस्नी घातला.

अडत दुकानातला
सगळ्यांना एका मापानं मोजू नका. पेरणीच्या टायमाला, पोरीच्या लग्नाला उचल कोण देतं? बँक देते का? माझ्या वडिलांची तीस वर्षांची उधारी वहीत तशीच आहे. चित्रपटात व्यापारी खलनायक, आणि खुनी मात्र देवमाणसं. वा रे न्याय!

मळेकरी, मुडशिंगी
उचल देता ती बांधून घालाय. एकदा उचल घेतली की माल दुसरीकडं न्यायची सोय न्हाई. वहीतली उधारी दावताय, वहीत न आलेली कपात बी दावा की.

अडत दुकानातला
तोंड सांभाळून. माझा बाप कष्ट करून गेला.

नागाळा पार्क
भांडू नका. दोघांनाही एक आठवण देते. जक्कय नावाचा जकातदार होता, लोकांना नाडून गबर झालेला. प्रभू आपण होऊन त्याच्या घरी उतरले. तेव्हा तो उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. पेठेतले दादा, तुमचं घामाचं म्हणणं मी इथं मान्य करते. कृपा आधी असली तरी परतफेड टळत नाही.

कळंबा रस्ता
सगळं वाचलं. आता माझं ऐका. माझ्या थोरल्या भावाला बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीनं मारलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. मारणारा शिक्षा भोगून आला. आता आमच्याच वाटेनं जातो-येतो. तुमच्या चित्रपटात सहा खुनी सुधारतात, गाणं म्हणतात, लोक डोळे पुसतात. त्यांनी ज्यांना मारलं त्यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटली का, ते कुठं आहे? जेलरनं माफ केलं म्हणे. त्याचं काय गेलं होतं? माफी द्यायचा हक्क माझ्या वहिनीचा. तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. ना कोर्टानं, ना देवानं.

पेठेतला वाचक
दादा, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी आपला गोष्ट कुणाची यातच अडकलो.

नागाळा पार्क
माझ्याकडे यावर वचन नाही. असतं तरी तुमच्यापुढं टाकलं नसतं. वहिनींचा हक्क, हे खरं.

मळेकरी, मुडशिंगी
बांध कुणाकडं गेला मग?

कळंबा रस्ता
त्यानंच दाबला होता, दोन हात आत. केस खुनाची चालली, बांधाकडं कुणी बघितलं नाही. यंदा मिरगाच्या आधी मी रानात गेलो, तर दगड पुन्हा जुन्या जागी. त्यानं हलवला, रात्रीचा, एकट्यानं. मला काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. वहिनीला नेऊन दाखवलं. तिनं दगडाला हात लावून बघितला, घरी आली आणि भाकरी थापायला बसली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही म्हणणार नाही. जक्कयाचं वाचलं म्हणून हे लिहिलं.