समुद्र ओलांडायला चार इंजिनं हवीत की दोन पुरेत?

लांबपल्ला : चार इंजिनांची विमानं घ्या. ए३४० चं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. शेवटचं ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये एमिरेट्सला गेलं, शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये, तेही मालवाहू. हा निकाल इंधनाच्या बिलाने लावला, सुरक्षिततेने नव्हे. दोन इंजिनांच्या ७७७ चं एक इंजिन गेलं की जवळची योग्य धावपट्टी गाठणं भाग. ७४७ पुढे जाऊ शकतं. २००५ मध्ये लॉस एंजेलिसहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ तीन इंजिनांवर इंग्लंडला पोचलंच की!

टाचणी : पोचलं, पण लंडनऐवजी मँचेस्टरला. इंधन पुरेल याची खात्री उरली नव्हती. तीन इंजिनांवर विमान खालून उडतं, तिथे हवा दाट, म्हणून इंधन जास्त जळतं.

आणि इंजिनं वेगवेगळ्या कारणांनी बिघडणार असतील तरच त्यांची संख्या कामाची. ५ मे १९८३, ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११, मायामी ते नसाऊ. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारे चुंबकी खुंट) बदलले. नव्या खुंटांवर ओ-रिंगच नव्हत्या. अंगठीएवढं रबर! तिन्हींतून तेल गळलं. एक इंजिन वैमानिकांनी बंद केलं, उरलेली दोन हवेत विझली. बंद केलेलं पुन्हा सुरू झालं म्हणून विमान मायामीला परतलं. इटॉप्सच्या (एक इंजिन गेलं तरी ठरल्या मिनिटांत विमानतळ गाठता यावा, असा लांब मार्गांचा नियम) विमानावर एकाच खेपेत दोन्ही इंजिनांचं तेच काम एकाच तंत्रज्ञाकडे शक्यतो देत नाहीत. द्यावंच लागलं तर वेगळी तपासणी होते.

राखमाती : +१. १९८२ मध्ये जावाजवळ ज्वालामुखीच्या राखेत ७४७ ची चारही थांबली होती.

लांबपल्ला : राख अपवाद. २०१८ घ्या. दोन इंजिनांच्या ७८७ च्या काही ट्रेंट १००० इंजिनांत कंप्रेसरच्या (आत येणारी हवा दाबणारा भाग) पात्यांना तडे जात होते. एफएएने (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) त्यांची ३३० मिनिटांची मुभा, म्हणजे एका इंजिनावर विमानतळ जितक्या वेळात गाठता यावा ती मर्यादा, १४० वर आणली. कारण एक इंजिन गेलं की दुसऱ्यावर जोर वाढतो, आणि नेमक्या त्याच जोरात पाती थरथरतात. हा धोका दोनवाल्यांचाच.

टाचणी : आणि नियमानेच तो अडवला. शिवाय मिनिटं फक्त इंजिनांची नसतात. मालाच्या कप्प्यातला हॅलोन (आग विझवणारा वायू) विमान वळवून विमानतळ गाठायच्या वेळेपेक्षा १५ मिनिटं जास्त पुरावा लागतो. आग काही इंजिनं मोजत नाही. २००७ पासून एफएएने १८० मिनिटांपलीकडे चारवाल्या प्रवासी विमानांनाही इटॉप्स लावलंय, ते का?

लांबपल्ला : आगीचं मान्य. पण १४० मध्ये न बसणारे मार्ग वळवावे लागले, ते ७८७ चे. त्या पात्यांपायी ७४७ ला वळसा पडला नसता.