‘इन्स्टॉल्ड हाइट’ला मराठीत काय लिहावं?

आयटीआयवाला: पोरांसाठी सिलिंडर हेडच्या (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह बसतात तो भाग) कामावर मराठीत टिपणं काढतोय. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या ‘इन्स्टॉल्ड हाइट’पाशी गाडी अडलीय. ‘स्थापित उंची’ लिहिलं तर पुतळा बसवल्यासारखं वाटतं. नुसतं ‘स्प्रिंगची उंची’ लिहिलं तर पोरं मोकळी स्प्रिंग टेबलावर उभी करून व्हर्नियर लावतात. काय लिहू?

शब्दवेडा: ‘बैठक उंची’? स्प्रिंग बसल्यावरची उंची, म्हणून.

उद्यमनगरकर: बैठक नको सर. हेडात बैठका दोन, एक व्हॉल्व्हची आणि एक स्प्रिंगची. पोरगं विचारणार, कुठली?

आणि खरं सांगायचं तर ही उंची स्प्रिंगची न्हाईच. मोजताना स्प्रिंग बाजूला काढून ठेवलेली असते. व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, घट्ट बसवायचा, वरनं रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि कॉटर (टोपी व्हॉल्व्हच्या दांडीला धरून ठेवणाऱ्या पाचरी) लावायचे, रिटेनर वर ओढून कॉटर आवळून घ्यायचे. मग हेडात स्प्रिंग जिथं टेकते तिथनं रिटेनरच्या खालच्या अंगापर्यंत माप घ्यायचं. हाइट मायक्रोमीटर असला तर सोपं, तोच स्प्रिंगच्या जागी बसतो आणि फिरवला की रिटेनर वर दाबून धरतो. डबल स्प्रिंग असली तर रिटेनरला पायरी असते, तेव्हा बाहेरची स्प्रिंग जिथं टेकते तीच कड धरायची. म्हणजे माप कशाचं? स्प्रिंगला मिळणाऱ्या जागेचं. सरळ ‘स्प्रिंगचा गाळा’ लिवा.

पेठेतला: उद्यमनगरात गाळा म्हटल्यावर पयलं डिपॉझिट किती विचारत्यात 😄

शब्दवेडा: विचारू देत की. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेलाही गाळाच म्हणतात. इथं एक खांब हेड, दुसरा रिटेनर. मला पटला शब्द.

आयटीआयवाला: याने माझी दुसरी अडचणही सुटेल असं दिसतंय. ‘सीट कापल्यावर उंची वाढते’ असं फळ्यावर लिहिलं, तर निम्म्या वर्गाने अर्थ लावला की स्प्रिंगचा जोर वाढला.

उद्यमनगरकर: ‘उंची’नं तो घोळ होणारच. गाळा वाढला म्हटलं की स्प्रिंग सैल पडली हे आपोआप कळतं. सीट कापली, व्हॉल्व्हचं तोंड घासलं, की व्हॉल्व्ह हेडात खोल जातो आणि दांडी तेवढीच वर येते. दांडीबरोबर रिटेनर वर जातो. स्प्रिंग तीच, पण कमी दाबली जाते.

फळ्यावर असा हिशोब मांडा, आकडे नुसते उदाहरणाचे. पुस्तकातला गाळा 40 मिमी, तिथं जोर 28 किलो, आणि दर मिमीला जोर 4 किलोनं बदलतो. सीट कापल्यावर गाळा भरला 41.2. गेले की जवळपास 5 किलो! अशानं वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमचा माग सोडतो आणि सीटवर आपटून उडतो. स्प्रिंगखाली 1 मिमीची शिम, म्हणजे पातळ चकती, टाकली की 40.2, काम झालं.

पण शिम घालायची म्हणून घालत सुटायचं न्हाई. व्हॉल्व्ह 9 मिमी उघडत असंल तर पूर्ण उघडल्यावर गाळा उरतो 31.2. वेढ्याला वेढा 29 वर भिडत असंल तर 2.2 मिमी मोकळीक हाय. दीडच्या खाली मी जात न्हाई. 2 मिमीची शिम टाकली असती तर 1.2 च राहिली असती. वेढे भिडले की पुढं पुशरॉड वाकतो न्हाईतर कॅम खातो. म्हातारी स्प्रिंगही शिम घालून तरुण होत न्हाई, ती टेस्टरवर 40 ला दाबून बघायची आणि जोर भरत नसंल तर बदलायची.

पेठेतला: दांडी वर आली तर टॅपेटचा गॅप, म्हणजे दांडीच्या टोकावरची फट, पण कमी होणार की?

उद्यमनगरकर: होणार. त्याला शिमचा उपयोग शून्य. तिथं दांडीचं टोक घासायचं, पुस्तकात जेवढं चालतं तेवढंच, न्हाईतर सीट नवी बसवायची. टॅपेटला मात्र गॅपच राहू द्या, तिथं गाळा घुसवू नका.

आयटीआयवाला: ठरलं. मथळ्यात ‘इन्स्टॉल्ड हाइट’ देवनागरीत ठेवतो, कारण पुढं मॅन्युअलमध्ये पोरांना तेच सापडणार. व्याख्येत आणि उदाहरणात ‘स्प्रिंगचा गाळा’. आणि शिमला ‘पॅकिंग’ लिहू का? वर्कशॉपमध्ये सर्रास म्हणतात.

शब्दवेडा: पॅकिंग म्हणजे गॅस्केटसुद्धा. ‘हेडला पॅकिंग टाक’ याचा भलताच अर्थ निघेल. शिमच बरं, फार तर ‘शिमची चकती’.

पेठेतला: शिमला एका बाजूनं दाते असत्यात, ती बाजू वर का खाली?

उद्यमनगरकर: खाली, हेडाकडं. हेडाची उष्णता स्प्रिंगमध्ये कमी चढते. दोन शिमा लागल्या तर दातेरी तळाला आणि साधी तिच्या वर.