जमीन कागदावर मालकाचीच असेल, तर पॅलेस्टिनी गावे ती गेली असे का म्हणतात?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या रामबागेत काही मंडळी दर महिन्याला जमतात आणि एकेकजण एखाद्या विषयावर तयारी करून बोलतो. या खेपेला वेस्ट बँकेत, म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशात, इस्रायलने उभारलेल्या विभाजक भिंतीवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय ठरला तेव्हाच एका ज्येष्ठांनी विचारले की, एखाद्या देशाने स्वतःच्या हद्दीवर कुंपण घातले, तर शेजारच्या गावाची जमीन जाते कशी? माझ्या वाचनाप्रमाणे भिंतीचे काम २००२ मध्ये सुरू झाले, तिची नियोजित लांबी सुमारे ७१२ किलोमीटर आहे आणि १९४९ च्या युद्धबंदीची रेषा, जिला हिरवी रेषा म्हणतात, ती याच्या निम्म्याहूनही कमी लांबीची आहे. म्हणजे भिंत हद्दीवरून जात नाही, वळणे घेत आत शिरते, एवढे समजले. परंतु भिंतीपलीकडे राहिलेल्या बऱ्याच शेतांची मालकी रद्द झालेली नाही असेही वाचले, आणि तरीही गावकरी जमीन गेली असेच म्हणतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावे, कारण हा प्रश्न बैठकीत पुन्हा येणार हे नक्की.

माळवा_महसूल (इंदूर)

ताई, माझी सगळी नोकरी जमिनीच्या नोंदींत गेली, म्हणून आधी कागदाची बाजू सांगतो.

आपल्याकडे पटवाऱ्याच्या खसऱ्यात नाव असले की निदान भांडायला आधार असतो. वेस्ट बँकेत १९६७ पर्यंत जेमतेम एक तृतीयांश जमिनीची रीतसर नोंदणी पूर्ण झाली होती. जॉर्डनच्या काळात चालू असलेले हे काम इस्रायली लष्कराने १९६८ मध्ये हुकूम काढून थांबवले. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या असंख्य कुटुंबांकडे जुन्या कराच्या पावत्या आहेत, वडिलांच्या नावची खरेदीखते आहेत, शेजाऱ्यांची साक्ष आहे, पण निर्विवाद मालकी सांगणारा उतारा नाही.

सुरुवातीला लष्करी गरजेचे कारण देऊन खाजगी जमिनी ताब्यात घेतल्या जात आणि त्यांवर इस्रायली वसाहती उभ्या राहत. १९७९ मध्ये नाबलूसजवळच्या रुजैब गावचे शेतकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने एलोन मोरे वसाहतीसाठी घेतलेली त्यांची जमीन परत करायला लावली. या निकालाने तो मार्ग अरुंद झाला, तेव्हा सरकारने दुसरा धरला. उस्मानी साम्राज्याच्या १८५८ च्या जमीन कायद्यात अशी तरतूद आहे की, विशिष्ट प्रकारची जमीन सलग तीन वर्षे पडीक राहिली तर कसणाऱ्याचा हक्क संपू शकतो. त्या तरतुदीचा कठोर अर्थ लावून लाखो दुनम जमीन सरकारी म्हणून जाहीर झाली. (एक दुनम म्हणजे एक हजार चौरस मीटर, आपला साधारण पाव एकर.) खडकाळ उतार, गुरे चरायची माळराने, एक वर्ष पेरून एक वर्ष विसावा दिलेली शेते, हे सगळे या व्याख्येत सापडू शकते. डोंगराळ भागातला कोणता शेतकरी प्रत्येक तुकडा दरवर्षी नांगरतो?

भिंतीखालची जमीन मात्र बहुतेक ठिकाणी लष्करी ताबा-हुकूम काढून घेतली आहे. हे हुकूम मुदतीचे असतात आणि मुदत वाढवता येते. मोबदला देऊ केला जातो, पण बहुतांश शेतकरी तो नाकारतात, कारण तो स्वीकारला तर ताब्याला संमती दिल्यासारखे होईल असे त्यांना वाटते. मला त्यांचे हे वागणे पूर्णपणे समजते.

शेतीशाखा_इंदूर

मी कृषी शाखेतली आहे, तेव्हा शेताकडून सांगते. माझ्या मते रामबागकर ताईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे.

शहरांलगत ही भिंत आठ-नऊ मीटर उंच काँक्रीटची आहे, परंतु बहुतेक लांबीत ती तारेचे इलेक्ट्रॉनिक कुंपण, खंदक, गस्तीचा रस्ता आणि पावलांचे ठसे दिसावेत म्हणून सारवून ठेवलेला मातीचा पट्टा अशी मिळून कित्येक मीटर रुंद असते. नुसत्या या रुंदीखालीच झाडे आणि बांध गेले. त्याहून मोठे नुकसान पलीकडच्या पट्ट्याचे आहे. भिंत आणि हिरवी रेषा यांच्यामधली जमीन ऑक्टोबर २००३ पासून बंद क्षेत्र म्हणून जाहीर होऊ लागली. त्यानंतर स्वतःच्या शेतात जायला मालकाला परवाना लागतो, आणि परवाना मिळाला तरी दार उघडावे लागते.

ऑक्टोबर २०२३ पर्यंत काही दारे रोज उघडत, काही आठवड्यातून एखाद-दोन दिवस, आणि बरीचशी फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) तोडणीपुरती. शेतांकडे जाणाऱ्या सत्तरच्या आसपास दारांपैकी रोज उघडणारी मोजकीच असत. रोजचे दारही दिवसभर उघडे नसे. सकाळी थोडा वेळ सैनिक येत, ओळखपत्र आणि परवाना ताडून पाहत, एकेकाला आत सोडत आणि दार लावून निघून जात. परतीची वेळ ठरलेली असे. दुपारी उन्हाचा त्रास झाला किंवा खुरपे लागून हात कापला, तरी दार उघडेपर्यंत थांबावेच लागे. ट्रॅक्टर न्यायचा तर त्याची वेगळी परवानगी.

आता जैतुनाचे झाड बघा. ते काटक आहे, पण त्याला फक्त तोडणीच्या महिन्यात माणूस लागतो असे नाही. तोडणीनंतर छाटणी, पावसाळी ओल धरून ठेवण्यासाठी वसंतात नांगरट, उन्हाळ्यापूर्वी गवत काढणे, नाहीतर वाळलेल्या गवताला आग लागते. ही कामे चुकली की उत्पादन घसरते. भिंतीपलीकडच्या झाडांचे उत्पन्न गावाकडच्या तशाच झाडांच्या तुलनेत निम्म्याहून अधिक घटल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षणांत वारंवार दिसून आले आहे. भाजीपाला आणि हरितगृहे यांचे तर विचारूच नका, कारण टोमॅटो दाराच्या वेळापत्रकाप्रमाणे पिकत नाही. कल्किल्याजवळच्या जय्यूस गावाची बहुतांश बागायती जमीन आणि विहिरी भिंतीपलीकडे गेल्या, आणि पेरू-लिंबूवर्गीय फळांवर जगणारे गाव कोरडवाहू होऊन बसले. लोक मग पाणी कमी लागणाऱ्या, लक्ष कमी लागणाऱ्या पिकांकडे वळतात, तरुण मुले मजुरीला जातात, आणि शेत हळूहळू ओस पडते.

वाटण्यांचा मुद्दाही बैठकीत अवश्य सांगा. बापाच्या नावावर दहा दुनम असतील आणि पुढे अनेक वारस झाले, तर पुढच्या काळातल्या नियमांनी प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजला. तो ३३० चौरस मीटरपेक्षा कमी भरला की शेतीसाठी जाण्याची गरजच नाही, असे धरून परवाना नाकारला जाऊ लागला. शेत एकत्र कसणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब कसा लागू पडतो, हे मला तरी कळलेले नाही.

सुदामानगर_२

वरील माहिती मोलाची आहे. तरीही एक बाजू राहून जाते असे मला वाटते. २००० नंतरच्या दुसऱ्या इंतिफादात (पॅलेस्टिनी उठावात) बसमध्ये, हॉटेलांत, बाजारात आत्मघाती स्फोट होऊन शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. भिंत त्यासाठी बांधली आणि त्यानंतर हल्ले घटले, असे इस्रायल सांगतो. आपल्या देशानेही सीमेवर कुंपण घातले आहे. मग लोकांचे प्राण वाचवण्याचा हक्क आणि शेतात जाण्याचा हक्क यांत निवड करायची वेळ आली तर?

वकील_तुकोगंज

सुदामानगरचे मित्र, त्या हल्ल्यांत गेलेल्या माणसांचे दुःख खरे आहे आणि आपला प्रश्नही रास्त आहे. पण निवड प्राण आणि शेत यांतच होती का, हे इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी तपासले आहे, म्हणून निकालांकडे पाहू.

३० जून २००४ च्या बेत सुरिक निकालात न्यायालयाने सुरक्षेसाठी कुंपण घालण्याचा लष्कराचा अधिकार मान्य केला, परंतु जेरुसलेमच्या वायव्येकडच्या गावांना होणारे नुकसान सुरक्षेच्या लाभाच्या प्रमाणाबाहेर आहे असे म्हणून सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग रद्द ठरवला. २००६ मध्ये अज़्ज़ून आणि नबी इलियास या गावांच्या प्रकरणात तर असे उघड झाले की, मार्ग आखताना झुफीन वसाहतीच्या विस्ताराचा आराखडा विचारात घेतला होता आणि ही गोष्ट आधीच्या सुनावणीत न्यायालयापुढे ठेवलीच नव्हती. न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत सुनावले आणि तो भाग पाडायला सांगितले. सप्टेंबर २००७ मध्ये बिलइन गावाच्या बाबतीतही हेच घडले. २००५ पासून दर शुक्रवारी गावकरी, आणि त्यांच्याबरोबर इस्रायली कार्यकर्तेही, मोर्चा काढत होते. तिथला मार्ग मोदीईन इल्लित वसाहतीच्या नव्या भागासाठी आत ओढला आहे, सुरक्षेसाठी नव्हे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. प्रत्यक्ष कुंपण हलायला २०११ उजाडले. गावाला काही जमीन परत मिळाली, पण वसाहतीची आधीच उभी राहिलेली घरे तिथेच राहिली.

म्हणून माझे म्हणणे भिंत असावी की नसावी यापेक्षा ती कुठून जाते याविषयी आहे. नियोजित मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आत पडतो. आपल्या हद्दीवर घातलेल्या कुंपणाची तुलना याला लागू होत नाही. द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी १४ विरुद्ध १ मतांनी, व्याप्त प्रदेशातले भिंतीचे बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध असल्याचे मत दिले, त्याचा आधारही हाच आहे. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते मत स्वीकारण्याचा ठराव १५० विरुद्ध ६ मतांनी केला आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. इस्रायलने व्याप्त प्रदेशातून बाहेर पडावे, अशा सप्टेंबर २०२४ मधल्या आमसभेच्या ठरावावर मात्र भारत तटस्थ राहिला. हा बदल मला खटकतो.

रामबागकर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मेळ बसला. एक उपप्रश्न विचारते. भिंतीमुळे ओस पडलेली जमीन पुढे पडीक म्हणून सरकारी ठरवली जाते का? आणि २००४ च्या मतात नुकसानभरपाई द्यावी असेही म्हटले होते ना, तिचे पुढे काय झाले?

माळवा_महसूल (इंदूर)

ताई, पहिल्या प्रश्नात शेतकऱ्यांची खरी धास्ती आहे. आज मालकी कायम आहे, पण दार उघडले नाही म्हणून शेत ओस पडले आणि उद्या कोणी तीन वर्षांच्या पडीक काळाचा नियम पुढे केला, तर आपण कसत होतो हे सिद्ध कसे करायचे? म्हणूनच उत्पन्न हाती लागत नसतानाही अनेकजण परवान्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करतात, म्हातारी माणसेसुद्धा दारापुढे उभी राहतात, निदान शेतात पाऊल पडल्याची नोंद राहावी म्हणून. ऑक्टोबर २०२३ नंतर पलीकडे जाणे जवळजवळ बंद झाले आणि त्या हंगामाची भिंतीपलीकडची बरीचशी जैतुने झाडावरच राहिली. तेव्हापासून ही धास्ती वाढलीच आहे.

भरपाईबाबत सांगायचे तर, आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये नुकसानीची नोंदवही स्थापन केली आणि तिचे कार्यालय व्हिएन्ना येथे आहे. तिचे कर्मचारी गावोगावी दावे भरून घेतात: किती झाडे गेली, कोणती विहीर गेली, किती उत्पन्न बुडाले, मालकीचा कोणता पुरावा आहे. हजारो कुटुंबांनी दावे भरले आहेत. ही वही पैसे देत नाही, दाव्याचा निवाडाही करत नाही, तिचे काम नोंद ठेवण्यापुरतेच आहे. पण जिथे १९६८ मध्ये जमिनीची नोंदणीच थांबवली गेली, तिथे कुटुंबाचे नाव, गट आणि झाडांची संख्या एका अधिकृत दप्तरात चढणे ही लहान गोष्ट नव्हे. बैठकीत एवढे अवश्य सांगा.