फिलामेंट भलंमोठं उडालं, पण गोजवर फक्त सी८.४?

तंतूपाहणारा: ३१ ऑगस्ट २०१२चं फिलामेंट (सूर्यावर चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला थंड वायूचा लांब पट्टा) उडालं तेव्हा सीएमईचा (सूर्यातून बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्याचा) वेग सेकंदाला १,४०० किमीच्या वर होता, पण गोज उपग्रहांच्या क्ष-किरण मापनात नोंद फक्त सी८.४ (ज्वालांचे वर्ग चढत्या क्रमाने सी, एम, एक्स; प्रत्येक आधीच्याच्या दहापट). उलट २४ ऑक्टोबर २०१४ला एआर १२१९२ने (प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या एका सक्रिय प्रदेशाने) एक्स३.१ ज्वाला दिली, सीएमई मात्र नाहीच. हे गणित कसं बसवायचं? शिवाय गोजच्या दोन चॅनेलांच्या (तरंगलांबीच्या पट्ट्यांच्या) गुणोत्तरावरून पहिल्या घटनेचं तापमान काढलं तर फारच थंड येतंय.

चुंबकरेषा: फिलामेंटचं द्रव्य साधारण दहा हजार केल्विनचं, ते क्ष-किरण देतच नाही. ते वर निसटलं की खाली चुंबकीय रेषा पुन्हा जोडल्या जातात. त्यातली ऊर्जा वर्णावरणात (सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या थरात) उतरते, तिथला वायू तापून चुंबकीय कमानींत चढतो. मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण येतात ते या कमानींतून, आणि तेजस्विता घनतेच्या वर्गावर ठरते. सक्रिय प्रदेशाबाहेर क्षेत्र क्षीण, त्यामुळे कमानी लांबलचक पण विरळ. शिखर बुटकं आणि उतार तासन्‌तास चालतो. १२१९२मध्ये नेमकं उलटं: ऊर्जा भरपूर सुटली, पण वरच्या भक्कम क्षेत्राने काही बाहेर जाऊ दिलं नाही. ज्वालेचा वर्ग बघून सीएमईचा अंदाज बांधू नये तो यासाठीच.

आलेखखोर: आधी तो सी८.४ तपासा. गोज-८ ते १५च्या ऑपरेशनल आकड्यांत १–८ आंगस्ट्रॉम चॅनेल ०.७ने आणि ०.५–४चा ०.८५ने गुणलेला असे. खरा फ्लक्स (क्ष-किरणांची तीव्रता) हवा तर भागा: ८.४ ÷ ०.७ = १२, म्हणजे आजच्या मापाने एम१.२! नव्याने कॅलिब्रेट केलेल्या फाइली घेतल्या असतील तर मात्र भागू नका, तिथे ते आधीच झालेलं असतं. दोनदा भागण्याची चूक सर्रास होते.

थंड तापमानाचं कारण बहुतेक पार्श्वभूमी. ज्वालेआधीचा सपाट भाग निवडून तो दोन्ही चॅनेलांतून वजा करा, मगच गुणोत्तर घ्या. इतर सक्रिय प्रदेशांचा थंड प्रकाश मुख्यतः लांब तरंगलांबीच्या चॅनेलात येतो, म्हणून तो राहिला की गुणोत्तर पडतं. जास्त वजा केलंत तर चढाच्या सुरुवातीला तापमान खोटं उसळतं. अशा लांबलेल्या घटनेत पार्श्वभूमीही सरकते, म्हणून एआयएच्या (एसडीओ यानावरच्या कॅमेऱ्यांच्या) १३१ आंगस्ट्रॉमच्या चित्रांत फक्त कमानींचा भाग कापून त्याचा प्रकाशवक्र गोजशी ताडून बघा. चढउतार जुळले नाहीत तर गोजमधला काही हिस्सा सूर्यबिंबावर दुसरीकडून येतोय.

तंतूपाहणारा: भागाकार राहिलाच होता. कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण शोधू का?

चुंबकरेषा: शोधा, पण फार आशा नको. २०१२साठी रेसी (कठीण क्ष-किरण टिपणारं यान) आहे. ते कमी उंचीच्या कक्षेत असल्याने दर फेरीत पृथ्वीच्या सावलीत जायचं, तेव्हा आधी निरीक्षणाची वेळ जुळते का ते बघा. एरवी १–८ आंगस्ट्रॉमच्या वक्राचा कालविकलज (वेळेनुसार बदलाचा दर) कठीण क्ष-किरणांसारखा दिसतो (न्यूपर्ट परिणाम), पण इथे चढ इतका मंद की विकलज गोंगाटात बुडतो. आधी वक्र गुळगुळीत करून घ्या.

आलेखखोर: अलीकडच्या घटना घेतल्या तर आदित्य-एल१ यानावरचं हेलिओस हे कठीण क्ष-किरणांचं उपकरण वापरा. एल१ हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किमी पुढे आहे, त्यामुळे तिथे प्रकाश ५ सेकंद आधी पोचतो. गोजशी जुळवताना तेवढं सरकवा. सोलर ऑर्बिटर यानाच्या स्टिक्स या क्ष-किरण उपकरणाला हा फरक कित्येक मिनिटांचा असू शकतो.