तालुक्याचं साप्ताहिक वेबवर न्यायचंय: श्रीलिपीतला मजकूर, जुने अंक, व्हॉट्सॲप चॅनेल, नोंदणी

साप्ताहिक_संपादक:

नमस्कार मंडळी. चार पानी टॅब्लॉइड साप्ताहिक आहे, नोंदणीकृत, वीस वर्षांचे अंक जमा आहेत. मजकूर श्रीलिपीत कंपोझ होतो, पानं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लागतात. शुक्रवारी अंक छापून येतो आणि संध्याकाळी त्याची पीडीएफ गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाते. वाचक वाढलेत, पण महिन्यापूर्वीची बातमी कुणी मागितली तर सापडत नाही, गूगलवर तर नाहीच. आता वेबसाइट काढायचं ठरलंय. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा येतो, त्यावर उपाय काय? जुने अंक कसे चढवावेत? व्हॉट्सॲप चॅनेलवर भागत असेल तर साइटचा खर्च करावा का? आणि वेबसाठी वेगळी नोंदणी लागते का?

खिळे_ते_युनिकोड:

आधी कचऱ्याचं बघू. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फाइलीत मुळात मराठी नसतंच, फॉन्ट बाजूला झाला की आतली चिन्हं उघडी पडतात. त्यामुळे पीडीएफ डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसली तरी सर्च इंजिनला तिच्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. छपाईसाठी कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्हज करून पाठवत असाल तर कॉपी करण्याजोगं अक्षरही उरत नाही, नुसतं चित्र राहतं.

म्हणून रूपांतर पीडीएफवरून करू नका. पेजमेकरची मूळ फाइल उघडा, एकेक स्टोरी टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती कन्व्हर्टरमध्ये घाला, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या खऱ्या देवनागरीत) बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. श्रीलिपीच्या सगळ्या फॉन्टमालिकांची मांडणी एकसारखी नसते. मथळ्याचा फॉन्ट एका मालिकेतला आणि बॉडीचा दुसऱ्या मालिकेतला असेल तर दोन्ही वेगवेगळे रूपांतरित करावे लागतात. दुसरं म्हणजे साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची माहिती गळून जाते, मग मजकुरात मुळात रोमनमध्ये असलेले ईमेल पत्ते, कंपन्यांची नावं यांचंही रूपांतर होऊन भलतंच मराठी तयार होतं. एक्स्पोर्टच्या आधी अशा शब्दांना दोन्ही बाजूंनी एखादी खूण लावून ठेवा.

रूपांतर झाल्यावर काय तपासायचं? जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. साध्या अक्षरांत कन्व्हर्टर हे सांभाळतो, जोडाक्षरांत अडखळतो. वेलांटी आणि रफार मिळून एकच आकार असेल, जसं ‘वर्षी’ किंवा ‘मार्गी’, तिथे एक चिन्ह गळून ‘वषी’, ‘मागी’ उरतं. हे शब्द मुद्दाम शोधून बघा.

सर्वांत महागात पडतो तो ‘शेतकऱ्यांना’. त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी साठवता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, साइटवरच्या शोधाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. तिसरा प्रकार म्हणजे जोडक गळून झालेलं ‘शेतकर्यांना’, ते तर सरळ चूकच. ॲ चंही असंच आहे: एकसंध ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ. ग्रामीण साप्ताहिकात शेतकऱ्यांच्या बातम्या शोधात सापडणार नसतील तर संग्रहाचा उपयोग काय? पहिल्या दिवशीच एक रूप ठरवा, ऱ् आणि एकसंध ॲ घ्या, आणि प्रत्येक मजकूर साइटवर जाण्याआधी फाइंड-रिप्लेसच्या त्याच यादीतून काढा.

पुढचे अंक थेट युनिकोडमध्येच कंपोझ करायला लागा. पेजमेकर युनिकोड घेत नाही, म्हणजे इनडिझाइन या पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरवर यावं लागेल. तिथे वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर चालू केल्याशिवाय जोडाक्षरं नीट लागत नाहीत, वेलांट्या भलतीकडे जातात. लोक याचा दोष फॉन्टला देतात आणि पुन्हा श्रीलिपीकडे वळतात.

वेबडेस्क:

चॅनेल की साइट, हा प्रश्न तसा नाही. चॅनेल हा वाटपाचा मार्ग आहे, बातमीचं घर साइटच असायला हवं. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६, तीही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. चॅनेलला अशी मर्यादा नाही, पण चॅनेलचा मजकूर सर्व्हरवर ३० दिवसच ठेवू, हे व्हॉट्सॲपने चॅनेल आणतानाच सांगितलं होतं. फेसबुकनेही २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी काढून टाकायला सुरुवात केली. नगरपंचायतीची सभा फेसबुकवर लाइव्ह दाखवून मोकळे होणाऱ्यांनी याचा विचार करावा. मूळ फाइल स्वतःकडे नसेल तर दोन महिन्यांनी त्या सभेत कोण काय बोललं याचा पुरावा उरत नाही.

डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) प्रकाशकाच्या नावावर, प्रकाशकाच्याच ईमेलने घ्या. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन राहिलं तर नूतनीकरणाच्या वेळी किंवा त्याच्याशी बिनसल्यावर सगळा संग्रह अडकतो.

साइटसाठी वर्डप्रेस हे तयार सॉफ्टवेअर घेणार असाल तर लिंकची काळजी घ्या. मराठी मथळ्यावरून ती आपोआप मराठीत बनते. शेअर करताना देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा प्रत्येकी एक चिन्ह. नुसत्या ‘पाणीपुरवठा’ची नव्वद होतात. वर्डप्रेस लिंकचा हा भाग २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे मथळ्याची पहिली बावीस-तेवीस चिन्हंच येतात आणि पुढचं तुटतं. एकाच विषयावर तीन बातम्या असल्या की तिघींच्या लिंका जवळपास सारख्या, शेवटी फक्त आकडा वेगळा. त्यापेक्षा रोमन लिपीत तीन-चार शब्द आणि बातमीचा क्रमांक असं हाताने लिहा. एकदा प्रसिद्ध झाल्यावर लिंक बदलू नका, बदललीच तर जुनीवरून नवीकडे रीडायरेक्ट लावा. साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी ठेवा, कारण काही फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श त्यावरच दाखवतात.

लिंकसोबत दिसणाऱ्या फोटोचं माप १२०० बाय ६३० पिक्सेल, वजन ३०० केबीच्या आत. फोटो जड असेल तर बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर तो येतच नाही, नुसती लिंक जाते आणि तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

दुरुस्तीबद्दलही सांगतो, कारण छापील अंकातली सवय इथे उपयोगी पडत नाही. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत दिसणारा मथळा-फोटोचा चौकोन लिंक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि संदेशासोबत जातो. साइटवर मथळा सुधारला तरी आधी गेलेल्या संदेशांत चुकीचाच राहतो. म्हणून नुसता मजकूर गुपचूप बदलू नका. बातमीच्या वर तारीख-वेळ टाकून काय चुकलं होतं ते एका ओळीत लिहा, आणि तीच दुरुस्ती नवा संदेश म्हणून त्याच ग्रुपांवर आणि चॅनेलवर पाठवा. कुणाच्या नावाबद्दल किंवा रकमेबद्दल चूक झाली असेल तर पुढच्या छापील अंकातही घ्या. अंकाची जी पीडीएफ फिरतेय ती परत बोलावता येत नाही.

कोर्ट_बीट:

नोंदणीचं थोडक्यात. १८६७ चा कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. तो छापील नियतकालिकांसाठी आहे. वेबसाइटसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम बघावे लागतात. त्यांतल्या बातम्यांच्या प्रकाशकाच्या व्याख्येतून वृत्तपत्र आणि त्याची जशीच्या तशी ई-पेपर प्रत वगळलेली आहे. म्हणजे नुसती पीडीएफ ठेवलीत तर तुम्ही त्या व्याख्येत बसत नाही. रोजच्या ताज्या बातम्या टाकायला लागलात की बसता, आणि मग माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील कळवावा लागतो, त्यासाठी प्रकाशन सुरू झाल्यापासून ३० दिवस आहेत.

या नियमांतल्या ९(१) आणि ९(३) ला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. आचारसंहिता आणि त्रिस्तरीय तक्रार यंत्रणा त्यात येते. तरीही तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि ईमेल साइटवर ठेवा, आणि नियमांत असलेली १५ दिवसांची मुदत स्वतःहून पाळा. लोकांना दाद मागायला जागा दिसली की बरीच प्रकरणं नोटिशीपर्यंत जात नाहीत.

साप्ताहिक_संपादक:

खूप आभार सगळ्यांचे. जुन्या अंकांचं राहिलं. साधारण दहा वर्षांच्या पेजमेकर फाइली आहेत, त्याआधीचे फक्त छापील अंक, वर्षावार बांधलेले.

खिळे_ते_युनिकोड:

फाइली आहेत ते अंक स्कॅन करू नका, वर सांगितलं तसा मजकूर काढा. पेजमेकरचा संगणक बंद पडायच्या आत हे उरका. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतात, नंतरच्या नाही.

बांधीव अंक ३०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. टॅब्लॉइडचं एक पान न दाबता साधारण १७ एमबी होतं. दहा वर्षांचे ५२० अंक, म्हणजे २,०८० पानं, सगळं मिळून ३५ जीबीच्या आसपास. एका पेनड्राइव्हवर मावेल, पण प्रती तीन ठेवा आणि एक कार्यालयाबाहेर. बांधणीच्या शिवणीजवळ सावली पडून आतला कॉलम काळवंडतो, तेवढ्यासाठी शक्य तिथे शिवण उसवा. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममध्ये (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या) मराठीचं मॉडेल आहे, मात्र अख्खं पान दिलंत तर शेजारच्या कॉलमांच्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. कॉलम कापून द्या. निदान मथळे, गावांची आणि माणसांची नावं हाताने तपासा.

कोर्ट_बीट:

जुने अंक चढवण्याआधी एक चाळण लावाच. लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे, बालकांसाठी पॉक्सोचं कलम २३ आहे. जुन्या अंकात नाव, शाळा, वस्ती किंवा वडिलांचं नाव छापून गेलं असेल तर आज ते साइटवर टाकणं म्हणजे नव्याने प्रसिद्ध करणंच. आणि नुसत्या मजकुरात बघून थांबू नका. नाव फोटोच्या फाइलीच्या नावात असतं, लिंकमध्ये असतं, ओसीआरने पानाच्या चित्रासोबत ठेवलेल्या मजकुराच्या अदृश्य थरात असतं. पानावर काळी पट्टी मारून पीडीएफ चढवली तरी खालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो. अशा पानाचं आधी चित्र करा, चित्रावर पट्टी मारा, मग ओसीआर पुन्हा चालवा.